नेस्तोर म्हणेल तेव्हा

मोलेनबर्गमध्ये कुणाच्या घरी बाळ जन्मलं की आधी डॉक्टर यायचा, मग पाद्री यायचा आणि त्यांच्या मागोमाग काखोटीला बाटली मारून नेस्तोर यायचा. पहिल्या दोघांनी काय सांगितलं ते लोक विसरत. नेस्तोरने कुठली बाटली आणली होती ते मात्र पोरगं लग्नाला आलं तरी सांगत. "आमच्या थोरल्या यानच्या वेळी त्याने जुनी आणली होती, चार उन्हाळे पाहिलेली," असं म्हणताना बाईची मान आपोआप ताठ व्हायची.

या माणसाने जन्मभर केलं काय म्हणाल, तर दूधसंघाची गाडी हाकली. पहाटे उठून गोठ्यागोठ्यावरून दूध गोळा करायचं आणि दुपारनंतर बापाने मागे ठेवलेल्या तळघरात उतरायचं. तळघरात बिअरची लाकडी पिंपं होती. आमच्याकडे बिअर उकळणारे वेगळे आणि ती पिंपात मुरवून मिसळणारे वेगळे. नेस्तोर मिसळणारा. वर्षाची कोवळी बिअर आणि दोन-तीन वर्षांची म्हातारी एकत्र करून बाटलीत भरायची, बूच ठोकायचं, वरून तार आवळायची. कोवळीत थोडी साखर उरलेली असते, तिच्यावर बाटलीतल्या बाटलीत फेस धरतो. साखर कमी पडली तर बिअर मरगळलेली निघते. जास्त झाली तर काय होतं ते पुढे येणारच आहे. कोवळी तयार झाली की नाही, हे जिभेने ठरवायचं, आणि ती जीभ पंचक्रोशीत एकच होती.

त्याची बायको इर्मा म्हणायची, "माझा वाढदिवस ह्याच्या ध्यानात राहत नाही, पण कुठल्या पिंपात कुठल्या हिवाळ्याची बिअर आहे ते झोपेत विचारा." इर्मा गेली तेव्हा नेस्तोर पिंपं विकायला निघाला होता. गिऱ्हाईक तरी कोण होतं? पुलाजवळच्या झुल्माच्या कॅफेत पत्ते कुटणारी म्हातारी मंडळी, आणि त्यांच्यातलाही दरवर्षी एखादा कमी होत होता. अशात त्याची एकुलती एक लेक वेर्ला ब्रसेल्समधली बँकेची नोकरी सोडून घरी आली. नेस्तोरला वाटलं, आई गेली म्हणून आली असेल, चार दिवस राहील. ती आली ती राहिलीच.

आणि राहिली ती हातावर हात धरून नव्हे. दूधसंघ तोवर बंद पडला होता, ती इमारत तिने घेतली. उकळायची कढई आणली, छपराखाली तांब्याची पसरट परात बसवली. हिवाळ्यात धान्याचा गरम रस त्या परातीत ओतायचा आणि खिडक्या उघड्या टाकायच्या. पुढचं काम वाऱ्याचं: त्याच्याबरोबर येणारं खमीर रसात पडतं आणि रस आंबू लागतो. आता उकळणं आणि मिसळणं दोन्ही घरचंच झालं. पिंपांच्या रांगा वाढत गेल्या. आधी गेंटचे लोक आले, मग पॅरिसचे, मग थेट जपानचे. ते झुल्माच्या कॅफेत बसून पाव, पांढरं चीज आणि मुळे खायचे आणि प्रत्येक घोटाला माना डोलवायचे. झुल्मा म्हणायची, "इतक्या भक्तिभावाने तर आमचे लोक चर्चमध्येही बसत नाहीत."

बाटलीवर वेर्लाने बापाचं चित्र छापलं होतं, मिशांसकट. खाली लिहिलं होतं: नेस्तोर म्हणेल तेव्हा. म्हणजे हा म्हणेल तेव्हाच बाटली भरायची, एक दिवस आधी नाही.

"हा कोण दरोडेखोर?" नेस्तोरने चित्र लांब धरून विचारलं होतं.

"दरोडेखोर तर दरोडेखोर, पण लोकांना आवडलाय."

"आणि म्हणेल तेव्हा, म्हणजे काय? मी मेल्यावर कोण म्हणणार?"

"मेल्यावरचं मेल्यावर बघू, बाबा. आधी पायातले बूट काढा, फरशी आत्ताच पुसलीय."

वेर्लाने एक काचेची नळीही आणली होती, बिअरमध्ये तरंगत सोडली की साखर किती उरली ते सांगणारी. आमच्या भागात अशी नळी कित्येकांकडे असते, पण ती न्हाणीघरात बसून वापरावी तशी दार लावून वापरतात. चारचौघांत पिंपात नळी सोडली म्हणजे मिसळणाऱ्याच्या तोंडावर विश्वास नाही, असा सरळ अर्थ होतो. नेस्तोरने नळी पाहिली आणि म्हणाला, "बँकेत मोजलंस ते कमी झालं का? एवढी मोजायची हौस असेल तर जावयाचा ताप मोज. पण त्याला आधी जावई आणावा लागतो." वेर्ला हसली. तिने नळी फडताळात ठेवली ती तिथेच राहिली. बापाचा तोंडावरचा अभिमान तिला ठाऊक होता आणि खरं सांगायचं तर तिलाही तो होता.

त्या वर्षी पानझडीत नेस्तोरला ताप आला. आठ-दहा दिवस अंथरुणात काढून तो उठला. वेर्लाने कांद्याच्या पातीसारख्या लीकचं सूप केलं होतं, वरून लोणी सोडून. त्याने एक चमचा घेतला आणि मिठासाठी हात पुढे केला. मीठ घातलं, परत घेतलं, परत मीठ घातलं. मग त्याच्या लक्षात आलं की कमी मीठ नाही, कमी सूपच आहे. तोंडात नुसतं ऊन पाणी फिरत होतं. त्याने वाडगा नाकाशी नेला. नाकाला वाफ लागली, वास नाही.

"कसं झालंय?" वेर्लाने विचारलं.

"फक्कड," नेस्तोर म्हणाला.

हा त्याचा पहिला खोटा शब्द. एकदा बाहेर पडला की खोटा शब्द एकटा राहत नाही. तो गावातल्या डॉक्टरकडे न जाता बस पकडून हाले गावाला गेला, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नाकात बत्ती घालून पाहिलं आणि म्हणाल्या, परत येईल किंवा येणार नाही, सांगता येत नाही. काम काय करता? नेस्तोर म्हणाला, दुधाची गाडी चालवायचो. मग काही बिघडत नाही, असं त्या म्हणाल्या.

तो रोज सकाळी उठून कॉफीचा डबा नाकाशी धरायचा. कांदा चावून पाहायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, चव यायची नाही. खूप जुनी बिअर तोंडात घेतली तर दात आंबायचे, एवढंच त्याच्याकडे उरलं होतं. लेकीला सांगावं असं त्याला शंभरदा वाटलं. पण सांगायला तोंड उघडलं की ती काहीतरी आनंदाचंच बोलत असायची: नवी पिंपं आली, नवे लोक येणार, या वर्षीची बाटली आजवरची सगळ्यात मोठी. येईल चव परत, तो मनाला सांगायचा. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची.

फेब्रुवारीत वेर्ला म्हणाली, "बाबा, इस्टरच्या आधी भरता येईल का? तुम्ही म्हणाल तेव्हाच, पण झालं तर बरं होईल."

आता आली का पंचाईत? नेस्तोरने एक युक्ती काढली. त्याचा ओडील नावाचा मित्र होता, जन्माचा सोबती, मुरलेला पिणारा. नेस्तोरने त्याला बोलावलं, गप्पा मारायला म्हणून. पिंपापिंपातून पेल्यात काढून दोघं प्यायचे आणि नेस्तोर बिअरऐवजी ओडीलच्या थोबाडाकडे बघायचा. भुवई कुठे वर जाते, ओठ कुठे आवळतो, परत पेला कुठे पुढे करतो. आयुष्यभर ज्याने जिभेवर निकाल दिला तो आता मित्राच्या मिशा वाचत होता.

"ही कोवळी कशी वाटते?" नेस्तोरने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुला कशी वाटते?"

"तुला विचारतोय, लेका."

"अरे, मी काय सांगणार तुला! तुझं काय म्हणणं आहे?"

"मला वाटतं, झाली."

"झालीच की," ओडील लगेच म्हणाला. "मी तेच म्हणणार होतो. कोरडी आहे, छान आहे. अजून थोडी ओत, म्हणजे नीट सांगतो."

बिचाऱ्या ओडीलला ती गोडच लागली होती. ते त्याने खूप पुढे, सगळं होऊन गेल्यावर, पत्त्यांच्या डावावर कबूल केलं. पण नेस्तोर झाली म्हणतोय आणि आपण गोड म्हणायचं? पाद्र्याला प्रार्थना शिकवण्यातला प्रकार. त्याने मान डोलवली, त्या मानेवर नेस्तोरने मान डोलवली आणि त्या दोन मानांवर वेर्लाने बाटल्या भरायला घेतल्या. सगळं गाव मदतीला आलं होतं. झुल्माने सॉसेज भाजली. दूधसंघाचं जुनं कोठार जमिनीपासून छतापर्यंत आडव्या बाटल्यांनी भरलं आणि वेर्ला बापाच्या गालाचा मुका घेऊन म्हणाली, "आई असायला हवी होती."

नेस्तोर त्या दिवशी जेवला नाही.

मे महिन्यात अचानक उकडायला लागलं. रविवारी दुपारी बापलेक अंगणात शतावरीचे कोंब सोलत बसले होते, तेव्हा कोठारातून एक आवाज आला. वेर्ला म्हणाली, फळी पडली असेल. मग दुसरा आवाज आला. मग एकदम पाच-सहा. वेर्ला सुरी टाकून धावली. दाराखालून फेसाचं पाणी बाहेर येत होतं. एक बाटली फुटली की तिच्या काचेने शेजारची फुटत होती, तिच्याने तिसरी. नेस्तोर सावकाश चालत आला. त्याला धावायचं कारण नव्हतं, काय झालंय ते त्याला पहिल्याच आवाजाला कळलं होतं.

आमच्याकडे आग लागली तर पाणी मारता येतं, पूर आला तर पोती रचता येतात. फुटणाऱ्या बाटल्यांपुढे काही म्हणता काही करता येत नाही. आत गेलं तर डोळा जायचा. दार लावून बाहेर बसायचं आणि ऐकायचं. शेजारी जमले, टोप्या काढून उभे राहिले. थोडा वेळ शांतता व्हायची, लोकांना वाटायचं थांबलं, की परत सुरू.

वेर्लाच्याने बसवेना. तिने मोटारसायकलवाल्या शेजाऱ्याचं शिरस्त्राण मागितलं, बापाचा जुना चामडी कोट चढवला, हातात जाड मोजे घातले. जेवढ्या वाचवता येतील तेवढ्या बाटल्यांची बुचं उघडून आतला दाब सोडायचा तिचा बेत होता.

"जाऊ नकोस," नेस्तोर म्हणाला.

"मग काय बघत बसू?"

"वेर्ला, ऐक. ही माझी चूक आहे. मला चव येत नाही. पानझडीपासून येत नाही. मी अंदाजाने सांगितलं."

तिने शिरस्त्राण घातलेलं होतं, आत बाटल्या फुटत होत्या. "काय?" ती ओरडली. आयुष्यभराची हिंमत गोळा करून तो एकदा बोलला होता, दुसऱ्यांदा बोलायला शिल्लक नव्हती. ती दार किलकिलं करून आत शिरली. तो उलट्या बादलीवर बसून राहिला आणि प्रत्येक आवाजाला त्याचे खांदे उडत राहिले. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हनुवटीखाली एक चीर पडली होती आणि रक्त कोटाच्या कॉलरवर उतरलं होतं. "नाही जमत," एवढंच ती म्हणाली आणि बापाशेजारी मातीत बसली.

गावाने आपला निकाल आठवड्याभरात दिला. पोरीने घाई केली. बँकेतली बाई, तिला काय कळणार? म्हातारा बिचारा थांब म्हणत असणार, हिने त्याला दामटलं असणार. वेर्लाच्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण बेकरीत ती शिरली की बोलणं थांबायचं. आणि ती स्वतःही तेच मानत होती. उरल्यासुरल्या बाटल्यांत तिने नळी घालून पाहिली होती, साखर अफाट होती. "मी तुम्हाला इस्टरचं बोलायला नको होतं, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी हो म्हणालात."

नेस्तोरला ते सहन झालं नाही. शनिवारी झुल्माच्या कॅफेत सगळी टाळकी जमलेली असताना तो उभा राहिला. "ऐका रे. पोरीची काही चूक नाही. माझी चव गेलीय. मी तिला फसवलं."

पत्त्यांचा डाव थांबला. मग ओडीलच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," तो म्हणाला, "याला म्हणतात बाप."

"अरे, बाप काय म्हणतोस! खरं सांगतोय मी!"

"सांग, सांग. आम्हाला कळतं."

"झुल्मा, व्हिनेगर आण," नेस्तोर ओरडला. झुल्माने शिंपल्यांवर घ्यायची व्हिनेगरची बाटली आणली. त्याने पेलाभर ओतलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्याने पेला आपटला आणि सगळ्यांकडे पाहिलं, आता तरी पटेल म्हणून.

कॅफेत हशा पिकला. "जन्मभर ही आंबट मिसळलेली बिअर, ग्यूझ, प्यायलेला माणूस," कुणीतरी म्हणालं, "त्याला व्हिनेगर म्हणजे लिंबूपाणी!" टाळ्या पडल्या. त्याच्यासाठी कुणी बिअर मागवली, कुणी पाठ थोपटली. लेकीसाठी स्वतःचं नाव मातीत घालायला निघालेला बाप! नेस्तोर मटकन खाली बसला. खोटं बोलला तेव्हा सगळ्यांना पटलं होतं.

बातमी त्याच्या आधी घरी पोचली. वेर्लाने दार उघडलं आणि त्याच्या गळ्यात पडली. "असं करू नका, बाबा. माझ्यासाठी खोटं बोलू नका."

"खोटं नाही गं."

तो ज्या आवाजात हे बोलला, तो तिने कधी ऐकला नव्हता. सकाळी तिने कॉफी केली, त्याच्यापुढे कप ठेवला आणि समोर बसली. नेस्तोरने नेहमीसारखी पावाची कड बुडवली, खाल्ली, कप संपवला आणि कप पुढे सरकवून म्हणाला, "आहे अजून?"

वेर्लाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मीठ होतं त्यात," ती म्हणाली. "चार चमचे."

मग दोघंही रडली. नेस्तोरला रडताना बरंच वाटत होतं, शेवटी एका माणसाला तरी कळलं होतं. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "आता तूच सांग गावाला. तुझं ऐकतील. तुझ्यावरचा आळ जाईल."

वेर्लाने कप बाजूला सारला. हनुवटीखालचा टाका अजून काढायचा होता, तिथे तिचा हात सारखा जात होता.

"नाही सांगायचं," ती म्हणाली. "कुणालाच नाही."

"म्हणजे?"

"मी घाई केली असं म्हणू द्या लोकांना. घाई केली तर पुढच्या वर्षी करणार नाही, संपलं. पण तुमचं तोंड गेलं म्हटल्यावर काय उरतं, बाबा? पिंपं आहेत, कढई आहे, ती सगळ्यांकडे आहे. लोक येतात ते तुमच्यासाठी येतात."

"तू जन्मभर बोलणी खाणार?"

"खाईन."

"मी नाही खाऊ देणार."

"तुम्ही काय करणार?" ती रागाने नाही, थकून म्हणाली. "परत व्हिनेगर पिणार?"

बापाने लेकीचा भार उचलायचा, अशी रीत. इथे लेकीने बापाचा उचलला होता आणि तो खाली ठेव म्हणायची सोय त्याने स्वतःच घालवली होती.

पुढच्या हिवाळ्यात परत बाटल्या भरायची वेळ आली. आता चव घेण्याचा दिवस जाहीर असतो, परगावचे लोक कॅमेरे घेऊन येतात. आदल्या दिवशी दार लावून वेर्लाने एकेका पिंपात नळी सोडली, स्वतः चाखून पाहिलं आणि बापाला सगळं पाठ करून दिलं: खिडकीजवळची तयार आहेत, भिंतीकडच्यांना अजून एक उन्हाळा हवा. नेस्तोरने शाळकरी मुलासारखं दोनदा म्हणून दाखवलं.

लोक जमले. नेस्तोरने पेला उजेडात धरला, नाकाशी नेला, घोट घेऊन डोळे मिटले. सगळे श्वास धरून उभे. तोंडात गार पाणी होतं. त्याच्या बापाने पहिल्यांदा याच तऱ्हेने डोळे मिटायला शिकवलं तेव्हा आत केवढं काय काय उलगडत गेलं होतं, ओलं लाकूड, सफरचंदाची साल, गवताची गंजी. आता आत काही नव्हतं. ठरल्याइतका वेळ थांबून त्याने डोळे उघडले.

"खिडकीजवळची भरा," तो म्हणाला. "भिंतीकडची नाही. त्यांना अजून एक उन्हाळा."

टाळ्यांचा गजर झाला. गर्दीतून ओडील पुढे आला, त्याने वेर्लाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं प्रेमाने दटावलं, "या खेपेला तरी बापाचं ऐक गं बाई."

लोक हसले. नेस्तोरने लेकीकडे पाहिलं.

"ऐकते," वेर्ला खाली बघून म्हणाली आणि पुढच्या पिंपाचा पेला भरायला वळली.